इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमधील विलंब

मोटारीचे ॲक्सिलरेटर पेडल दाबल्यापासून किंवा सोडल्यापासून इंजिनाचा प्रत्यक्ष प्रतिसाद मिळेपर्यंत जो वेळ जातो, त्याला इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमधील विलंब असे म्हणतात. पेडल आणि इंजिनाची हवेची झडप यांना जोडणारी पोलादी तार काढून टाकून त्यांच्यामध्ये संवेदक, संगणक आणि विद्युत मोटर बसवलेल्या मोटारींच्या संदर्भात ही संज्ञा वापरली जाते. हा विलंब दोन्ही दिशांनी होतो. पेडल दाबल्यावर इंजिनाचा जोर काहीसा उशिरा वाढतो. तसेच पेडल सोडल्यावर इंजिनाची गती काहीशी उशिरा उतरते.

स्वयंचलित गिअरपेटीच्या मोटारीत इंजिन आणि गिअर या दोहोंचे नियंत्रण यंत्रणेकडेच असल्याने त्यांचा मेळ आपोआप घातला जातो. हस्तचलित गिअरपेटीच्या मोटारीत मात्र क्लच चालकाच्या डाव्या पायाकडे, गिअरचा दांडा हाताकडे आणि थ्रॉटल संगणकाकडे अशी कामाची वाटणी झालेली असते. या वाटणीमुळे गिअर बदलताना हिसका बसणे, गाडीने आचके देणे, क्लचची झीज वाढणे असे परिणाम संभवतात. विलंबाचा काही भाग भौतिक नियमांमुळे अटळ असतो, तर काही भाग प्रदूषण आणि यंत्रावरील ताण कमी करण्यासाठी निर्मात्यांनी हेतुपुरस्सर ठेवलेला असतो. त्यामुळे हा विलंब सरसकट बिघाड मानता येत नाही, आणि त्यातून बसणारा हिसका हा प्रत्येक वेळी चालकाच्या अकौशल्याचा पुरावाही नसतो.

पार्श्वभूमी

पेट्रोल इंजिनाची शक्ती त्यात शिरणाऱ्या हवेच्या प्रमाणावर अवलंबून असते. हवेच्या मार्गात बसवलेली चकतीसारखी फिरणारी झडप, म्हणजे थ्रॉटल, हे प्रमाण ठरवते. अनेक दशके ही झडप एका तारेने थेट पेडलला जोडलेली असे. पेडल जितके दाबावे तितकी झडप उघडे आणि पाय उचलताच स्प्रिंगच्या ओढीने ती मिटे. बोलीभाषेत ज्याला ‘रेस देणे’ म्हणतात ती क्रिया त्या काळी अक्षरशः हवेची वाट उघडण्याची क्रिया होती.

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ही तार काढून टाकण्यास प्रारंभ झाला. १९८७ मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यू ७५०आय या बारा सिलिंडरांच्या मोटारीत थ्रॉटलचे नियंत्रण विद्युत पद्धतीने होत असे. १९९७ मध्ये बाजारात आलेल्या शेव्हरले कॉर्व्हेटच्या पाचव्या पिढीतही ही पद्धत होती. त्यानंतरच्या काळात ती महागड्या मोटारींपुरती मर्यादित न राहता लहान मोटारींपर्यंत पोहोचली.

हा बदल होण्यामागे अनेक कारणे होती. चाके घसरू लागताच इंजिनाचा जोर कमी करणे, ठरावीक वेग आपोआप राखणे, वातानुकूलन यंत्र सुरू होताच इंजिन मंदावू न देणे आणि धुरातील घातक वायू मर्यादेत ठेवणे, ही सर्व कामे थ्रॉटल संगणकाच्या ताब्यात असल्यास एकाच साधनाने करता येतात. तारेच्या रचनेत यांतील बऱ्याच कामांसाठी वेगवेगळे पूरक भाग बसवावे लागत.

रचना आणि कार्य

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचे तीन मुख्य भाग असतात. पहिला भाग म्हणजे पेडलवरील संवेदक. पेडल किती दाबले आहे हे तो विद्युतदाबाच्या रूपाने कळवतो. सुरक्षिततेसाठी येथे किमान दोन स्वतंत्र संवेदक असतात आणि त्यांचे संकेत एकमेकांशी ठरावीक प्रमाणात असतात. उदाहरणार्थ, काही रचनांमध्ये एकाचा विद्युतदाब दुसऱ्याच्या निम्मा असतो. हे प्रमाण बिघडल्यास संवेदक सदोष असल्याचे संगणकाला समजते.

दुसरा भाग म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक. तो पेडलच्या स्थितीचा अर्थ ‘झडप इतकी उघड’ असा न लावता ‘चालकाला इतका जोर हवा आहे’ असा लावतो. या मागणीबरोबरच तो इंजिनाची गती, तापमान, मोटारीचा वेग, क्लच व ब्रेक यांची स्थिती विचारात घेतो आणि मग हवा, इंधन व ठिणगीची वेळ ठरवतो. तिसरा भाग म्हणजे झडपेचे कवच. त्यात एक लहान विद्युत मोटर, दंतचक्रे, स्प्रिंग आणि झडपेची खरी स्थिती कळवणारे आणखी दोन संवेदक असतात.

तारेच्या रचनेत पेडल हे आज्ञा देणारे साधन होते. नव्या रचनेत ते विनंती करणारे साधन झाले. विलंबाविषयीच्या बहुतेक प्रश्नांचे मूळ या एका बदलात आहे.

विलंबाचे घटक

पेडल दाबण्यापासून चाकांना जोर मिळण्यापर्यंतचा विलंब अनेक लहान विलंबांच्या बेरजेने बनतो.

संकेत व गणन : संवेदकाचा संकेत वाचणे आणि त्यावर गणित करणे यासाठी सेकंदाचा अत्यल्प भाग लागतो. एकूण विलंबात याचा वाटा सर्वांत कमी असतो.

झडपेची हालचाल : विद्युत मोटरला झडप फिरवण्यास काही क्षण लागतात. निरोगी यंत्रणेत हा काळ सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो.

हवेचा भरणा : झडप आणि सिलिंडर यांच्यामध्ये नळ्यांची पोकळी असते. झडप उघडल्यावर प्रथम या पोकळीतील हवेचा दाब वाढतो आणि मग सिलिंडरांत अधिक हवा जाते. हा विलंब तारेच्या थ्रॉटलमध्येही होता.

ज्वलनचक्र : चार फटक्यांच्या इंजिनात एक चक्र पूर्ण होण्यास दोन फेरे लागतात. मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या मंद गतीवर दोन फेऱ्यांना ०.१५ सेकंद लागतो, तर ३,००० फेऱ्यांवर केवळ ०.०४ सेकंद. थांबलेली गाडी हलवताना प्रतिसाद सुस्त वाटण्याचे हे एक कारण आहे.

हेतुपुरस्सर मर्यादा : इंजिनाचा जोर एकाएकी वाढला तर गिअरचे दाते, आस आणि सांधे यांच्यातील फट एका झटक्यात मिटून दणका बसतो आणि गाडी पुढेमागे हेलकावते. हे टाळण्यासाठी संगणक जोर पायरीपायरीने वाढवतो. पेडल अचानक दाबले तरी मागणी काही क्षण रोखून धरली जाते. बहुतेक वेळा चालकाला प्रकर्षाने जाणवणारा विलंब हाच असतो.

पेडल सोडल्यानंतर रेंगाळणारी गती

हस्तचलित मोटारीत गिअर बदलताना अधिक त्रासदायक ठरतो तो उलट दिशेचा विलंब. चालक ॲक्सिलरेटरवरून पाय उचलतो, क्लच दाबतो, तरीही इंजिनाची गती काही क्षण तशीच राहते आणि मग हळूहळू उतरू लागते. कधी क्लच दाबताक्षणी ती किंचित वाढतेही, कारण इंजिनावरील भार नाहीसा झालेला असतो आणि झडप अद्याप पूर्ण मिटलेली नसते.

यामागे मुख्यतः प्रदूषणनियंत्रणाचा विचार असतो. पेट्रोल मोटारीतील त्रिमार्गी उत्प्रेरक हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण सुमारे १४.७ : १ असतानाच उत्तम काम करतो. ज्या इंजिनांत पेट्रोल हवेच्या वाहिनीत फवारले जाते, त्यांत वाहिनीच्या भिंतींवर पेट्रोलचा पातळ थर साचलेला असतो. झडप एकदम मिटल्यास वाहिनीतील दाब झपाट्याने घटतो, तो थर वेगाने बाष्परूप होतो आणि अपुऱ्या हवेमुळे न जळलेले इंधन बाहेर पडते. याउलट इंधन पूर्णपणे तोडल्यास शुद्ध हवा उत्प्रेरकात शिरून तो प्राणवायूने भरतो, आणि पुन्हा इंधन सुरू झाल्यावर काही क्षण नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे विघटन नीट होत नाही. झडप हळूहळू मिटवणे हा या दोन अडचणींमधला मार्ग आहे.

ही कल्पना संगणकाबरोबर जन्मलेली नाही. कार्ब्युरेटरच्या काळातही काही मोटारींत थ्रॉटल सावकाश मिटावा म्हणून हवेच्या दाबावर चालणारे एक लहान रोधक बसवलेले असे. फरक इतकाच की आता हे काम आज्ञावलीने होते आणि ते तापमान, गिअर व वेग यांनुसार बदलते. थंड इंजिनात गती अधिक काळ रेंगाळते, कारण तेव्हा इंजिनाची मंद गतीही मुद्दाम चढी ठेवलेली असते. जड फ्लायव्हील असलेल्या इंजिनांत गती मुळातच सावकाश उतरते.

भारतात १ एप्रिल २०१७ पासून देशभर भारत स्टेज ४ आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही मानके लागू झाली. दुसऱ्या टप्प्यात पेट्रोल मोटारींसाठी नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा दर किलोमीटरला ०.०८ ग्रॅमवरून ०.०६ ग्रॅमवर आली. मर्यादा जितकी कडक तितके झडपेच्या प्रत्येक हालचालीचे नियोजन काटेकोर करावे लागते.

गिअरबदलाची क्रिया

क्लच हा इंजिन आणि गिअरपेटी यांना जोडणारा व तोडणारा दुवा होय. क्लच दाबला की दोन्ही बाजू स्वतंत्रपणे फिरू लागतात. गिअरपेटीच्या आत पुढील गिअर आणि आस यांची गती जुळवण्याचे काम सिंक्रोमेश ही यंत्रणा करते. ही यंत्रणा १९२८ मध्ये कॅडिलॅक मोटारींत प्रथम आली. त्यापूर्वी दाते कर्कश आवाज न करता बसवण्यासाठी चालकाला प्रत्येक गिअरबदलात दोनदा क्लच दाबावा लागे.

सिंक्रोमेश गिअरपेटीच्या आतील गती जुळवतो. इंजिनाची गती मात्र तो जुळवू शकत नाही, कारण त्या वेळी इंजिन क्लचपलीकडे अलग झालेले असते. ती जबाबदारी चालकाची असते. गिअर सहज बसूनही क्लच सोडताना हिसका का बसतो, याचे उत्तर या भेदात आहे.

आकडेमोडीचे उदाहरण

समजा, एखाद्या मोटारीत पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.५५, दुसऱ्याचे १.९० आणि तिसऱ्याचे १.३१ आहे. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर असताना तिसरा गिअर टाकायचा असेल, तर त्याच वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाची गती ३,००० × १.३१ ÷ १.९० म्हणजे सुमारे २,०६८ फेरे असायला हवी. इंजिनाला सुमारे ९३० फेरे उतरावे लागतील.

इंजिन दर सेकंदाला १,००० फेरे या दराने मंदावते आणि चालक पाय उचलल्यानंतर ०.६ सेकंदाने क्लच सोडतो, असे धरू. थ्रॉटल लगेच मिटत असेल तर त्या क्षणी इंजिन २,४०० फेऱ्यांवर असेल. तफावत ३३२ फेऱ्यांची. परंतु गती ०.४ सेकंद रेंगाळत असेल तर इंजिन २,८०० फेऱ्यांवरच असेल आणि तफावत ७३२ फेऱ्यांची होईल. ही तफावत क्लचच्या चकतीला घासून मिटवावी लागते. त्यात निर्माण होणारी उष्णता तफावतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ७३२ आणि ३३२ या तफावतींत उष्णतेचा फरक दुपटीचा नसून जवळजवळ पाचपटीचा असतो.

हाच गिअर २,००० फेऱ्यांवर बदलला, तर अपेक्षित गती सुमारे १,३७९ फेरे असते. रेंगाळण्याचा ०.४ सेकंद धरूनही एक सेकंदानंतर इंजिन १,४०० फेऱ्यांवर येते आणि दोन्ही गती जवळजवळ जुळतात. ३,००० फेऱ्यांवरून बदलताना त्याच जुळणीसाठी सुमारे १.३ सेकंद थांबावे लागते.

पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमधील अंतर सर्वांत मोठे असते. वरील गुणोत्तरांनुसार २,५०० फेऱ्यांवर पहिल्यातून दुसऱ्यात जाताना इंजिनाला सुमारे १,१६० फेरे उतरावे लागतात. शहरातील गर्दीत हाच गिअरबदल सर्वाधिक वेळा करावा लागत असल्याने विलंबाची तक्रारही प्रामुख्याने त्याच ठिकाणी ऐकू येते.

सुरळीत गिअरबदलाच्या पद्धती

विलंब आज्ञावलीत असल्याने चालकाला तो नाहीसा करता येत नाही. क्लच सोडण्याची वेळ मात्र त्याच्या हाती असते. तारेच्या मोटारीवर शिकलेल्या चालकाची लय ‘पाय उचलला की गती उतरली’ या अनुभवावर बेतलेली असते. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या मोटारीत पायाऐवजी इंजिनाच्या आवाजावर आणि फेरेमापकाच्या काट्यावर लक्ष ठेवून लय बसवावी लागते.

वरचा गिअर टाकताना क्लच पूर्ण दाबण्याच्या किंचित आधी ॲक्सिलरेटर सोडण्यास सुरुवात करणे उपयुक्त ठरते. त्यामुळे झडप मिटण्याची क्रिया इंजिनावर भार असतानाच सुरू होते. त्यानंतर गिअरचा दांडा न्यूट्रलमधून घाई न करता पुढे नेला जातो आणि इंजिनाचा आवाज अपेक्षित पातळीवर आल्यावर क्लच सोडला जातो. क्लच जेथे पकडू लागतो त्या बिंदूवर पाय क्षणभर मंदावल्यास उरलेली तफावत हिसक्याविना मिटते. पूर्ण शक्तीची गरज नसताना कमी फेऱ्यांवर गिअर बदलल्यास उतरण्याचे अंतरच घटते.

खालचा गिअर टाकताना परिस्थिती उलट असते. तिसऱ्या गिअरमध्ये २,००० फेऱ्यांवर असलेले इंजिन दुसऱ्यात आणताना सुमारे २,९०० फेऱ्यांवर न्यावे लागते. त्यासाठी क्लच दाबलेला असतानाच थोडी रेस दिली जाते. तारेच्या थ्रॉटलला पायाचा एक झटका पुरत असे. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल इतका अल्पकाळ आलेला संकेत अनेकदा सौम्य करून टाकतो. म्हणून पेडल किंचित आधी आणि थोडे अधिक काळ दाबावे लागते.

थांबलेली गाडी हलवताना आधी भरपूर रेस आणि मग क्लच असा क्रम ठेवल्यास विलंबामुळे गती अपेक्षेपेक्षा जास्त चढते आणि क्लच जळतो. बहुतेक आधुनिक मोटारींत क्लच पकडू लागताच इंजिन बंद पडू नये म्हणून संगणक स्वतःच थोडी हवा वाढवतो. सपाट रस्त्यावर क्लच पकडबिंदूपर्यंत आणून मग पेडल हळुवार दाबणे हा क्रम अशा मोटारींना मानवतो.

चढावर थांबून राहण्याची मुभा कमी असते. दर १०० मीटरला ६ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर क्लच दाबलेला असताना केवळ गुरुत्वाकर्षणामुळे गाडीचा वेग सेकंदाला ताशी सुमारे २ किलोमीटरने घटतो. ताशी ३५ किलोमीटर वेगाने चढणाऱ्या गाडीच्या दृष्टीने ही घट मोठी आहे, कारण गाडी मंदावली की वरच्या गिअरमध्ये अपेक्षित असलेली इंजिनाची गतीही खाली जाते आणि तफावत मिटण्यास अधिक वेळ लागतो. सह्याद्रीतील घाटांसारख्या रस्त्यांवर योग्य गिअर चढ सुरू होण्यापूर्वीच टाकणे आणि चढ चालू असताना वरचा गिअर टाकण्याची घाई न करणे, हे त्यामुळेच हिताचे ठरते.

क्लचवर पाय टेकवून गाडी चालवणे किंवा ‘हाफ क्लच’वर गाडी चढावर रोखून धरणे हा विलंबावरील उपाय नव्हे. पहिल्या सवयीने क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगची झीज होते, तर दुसरीने चकती तापून तिचे अस्तर झिजते.

डिझेल इंजिन आणि टर्बोचार्जर

डिझेल इंजिनाची शक्ती हवेच्या झडपेने ठरत नसून फवारलेल्या इंधनाच्या प्रमाणाने ठरते. आधुनिक डिझेल मोटारींतही पेडल विद्युत संवेदकाचेच असते आणि जोर वाढवण्यावरील हेतुपुरस्सर मर्यादाही असतात. परंतु पेट्रोल इंजिनातील झडपेशी निगडित कारणे तेथे तशीच लागू होत नाहीत. काही डिझेल इंजिनांत हवेची झडप असते, मात्र तिचा उपयोग निकास वायू पुन्हा आत घेणे किंवा इंजिन शांतपणे बंद करणे अशा कामांसाठी होतो.

टर्बोचार्जरमुळे होणारा विलंब ही वेगळी बाब आहे. निकास वायूंनी टर्बोचे पाते पुरेशा वेगाने फिरू लागेपर्यंत हवेचा दाब वाढत नाही. कमी फेऱ्यांवर पेडल दाबताच काही घडत नाही आणि मग एकाएकी जोर येतो, हा अनुभव बहुधा टर्बोचा असतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचा विलंब यापेक्षा लहान असून टर्बो नसलेल्या मोटारीतही आढळतो.

पेडलचा प्रतिसाद बदलणारी उपकरणे

पेडलचा संवेदक आणि संगणक यांच्यामध्ये जोडायची लहान उपकरणे बाजारात मिळतात. पेडल ३० टक्के दाबले असताना ती संगणकाला ५० टक्के दाबल्याचा संकेत देतात. त्यामुळे गाडीचा ‘पिकअप’ वाढल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात इंजिनाची कमाल शक्ती वाढत नाही, कारण पेडल पूर्ण दाबल्यावर मिळणारा जोर तेवढाच राहतो. हवेचा भरणा, ज्वलनचक्र आणि आज्ञावलीतील मर्यादाही तशाच राहतात. पेडल सोडल्यानंतर रेंगाळणाऱ्या गतीवर अशा उपकरणाचा उपयोग होत नाही. उलट पेडल अधिक संवेदनशील झाल्याने गर्दीत हळुवार नियंत्रण अवघड होऊ शकते. काही मोटारींतील ‘स्पोर्ट’ आणि ‘इको’ या निवडींमध्येही पेडलचा अर्थ अशाच रीतीने बदलला जातो. मात्र तेथे हा बदल निर्मात्याने चाचणी घेऊन ठरवलेला असतो.

इंजिनाची आज्ञावलीच बदलून रेंगाळणारी गती कमी करता येते. परंतु ज्या आज्ञावलीसह मोटारीला प्रदूषणविषयक मान्यता मिळालेली असते तिच्यात अशाने फेरफार होतो, आणि निर्मात्याची हमीही धोक्यात येते.

विलंब आणि बिघाड यांतील फरक

रचनेचा भाग असलेला विलंब गाडी नवी असल्यापासून असतो आणि सारख्या परिस्थितीत सारखाच जाणवतो. प्रतिसादात अचानक झालेला बदल हे बिघाडाचे लक्षण मानले जाते. झडपेच्या कडेला काजळीचा थर साचल्यास मंद गती अस्थिर होते. हवेची एखादी नळी तडकल्यास मोजमापाबाहेरची हवा आत जाऊन गती उतरतच नाही. झडप साफ केल्यानंतर किंवा बॅटरी काढल्यानंतर अनेक मोटारींत संगणकाला झडपेची मिटलेली स्थिती नव्याने शिकून घ्यावी लागते. तोवर इंजिनाचे वागणे विचित्र वाटू शकते.

घसरणारा क्लच आणि रेंगाळणारी गती यांची गल्लत होण्याची शक्यता असते. क्लच पूर्ण सोडलेला असताना, वरच्या गिअरमध्ये पेडल दाबल्यावर इंजिनाचे फेरे वाढतात पण गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही, अशी स्थिती असल्यास दोष क्लचचा असतो. रेंगाळणारी गती ही क्लच दाबलेला असताना किंवा गाडी न्यूट्रलमध्ये असतानाच दिसते. हा भेद न ओळखल्यास सुस्थितीतील क्लच बदलण्याचा खर्च पदरी पडतो, किंवा उलटपक्षी झिजलेला क्लच दुर्लक्षित राहतो.

सुरक्षितता

संकेत चुकल्यास इंजिन बेफाम होऊ नये यासाठी यंत्रणेत अनेक पातळ्यांवर दक्षता घेतलेली असते. संवेदक जोडीने असतात, संगणकाच्या गणितावर देखरेख ठेवणारी स्वतंत्र यंत्रणा असते आणि मोटरचा वीजपुरवठा तुटल्यास स्प्रिंग झडपेला जवळजवळ मिटलेल्या स्थितीत आणते. त्या स्थितीत गाडी सावकाश चालवून कडेला घेण्याइतकी हवा इंजिनाला मिळते. ब्रेक व ॲक्सिलरेटर एकाच वेळी दाबले गेल्यास ब्रेकला प्राधान्य देऊन इंजिनाचा जोर कमी करण्याची सोयही अनेक मोटारींत असते.

अमेरिकेत २००९–१० मध्ये टोयोटाच्या मोटारी आपोआप वेग घेत असल्याच्या तक्रारींवरून मोठा वाद झाला. तेथील महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या विनंतीवरून नासाच्या अभियंत्यांनी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची तपासणी केली. फेब्रुवारी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, धोकादायक वेगवाढ घडवून आणण्याइतकी झडप उघडेल असा कोणताही इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना आढळला नाही. पायपुसण्यात अडकणारे पेडल आणि चिकटणारे पेडल हे यांत्रिक दोष त्याआधीच निश्चित झालेले होते.

हस्तचलित मोटारीत अशा प्रसंगी चालकाकडे एक निर्णायक साधन असते. क्लच दाबताच इंजिन आणि चाके यांचा संबंध यांत्रिक रीतीने तुटतो. त्यासाठी इंजिन-संगणकाच्या संमतीची गरज नसते. त्यानंतर ब्रेकने गाडी थांबवून इंजिन बंद करता येते.

यंत्रणेद्वारे मेळ घालण्याचे प्रयत्न

ज्या थ्रॉटलमुळे हस्तचलित गिअरबदल अवघड होतो, त्याच थ्रॉटलच्या साहाय्याने तो सोपाही करता येतो. २००८च्या अखेरीस सादर झालेल्या निसान ३७०झेड या मोटारीत खालचा किंवा वरचा गिअर टाकताना इंजिनाची गती आपोआप जुळवणारी सोय होती. गिअरच्या दांड्याची दिशा ओळखून संगणक झडप स्वतःच उघडतो किंवा मिटवतो.

भारतात २०१४ मध्ये मारुती सुझुकी सेलेरिओ या लहान मोटारीतून स्वयंचलित केलेली हस्तचलित गिअरपेटी लोकप्रिय झाली. तिच्यात गिअरपेटी नेहमीचीच असते, परंतु क्लच व गिअर यंत्रणा चालवते. २०२० मध्ये ह्युंदाई व्हेन्यू या मोटारीत गिअरचा दांडा चालकाच्या हाती ठेवून फक्त क्लचचे पेडल काढून टाकण्यात आले. या दोन्ही पद्धतींत क्लच आणि थ्रॉटल एकाच नियंत्रणाखाली येतात. क्लच चालकाच्या पायाखाली असलेल्या मोटारीत मात्र हा समन्वय आजही चालकालाच साधावा लागतो, आणि त्यासाठी पेडलपेक्षा इंजिनाच्या गतीचा अंदाज अधिक विश्वसनीय ठरतो.

हेही पाहा

क्लच
गिअरपेटी
सिंक्रोमेश
त्रिमार्गी उत्प्रेरक
टर्बोचार्जर
भारत स्टेज उत्सर्जन मानके